कोबे, जाऊन येऊन

एकतीस वर्षं मी तासगाव डेपोला कंडक्टर होतो. त्यामुळे कुठलीही गाडी दिसली की मी आधी तिच्यातल्या चुका शोधतो. ओसाकाच्या स्टेशनात मला एकही चूक सापडली नाही, त्याचाच राग आला. गाडी यायच्या मिनिटाला आली, आतली माणसं आधी उतरली, मग बाहेरची चढली, कुणी कुणाच्या बरगडीत कोपर घातलं नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची सोय नाही. असल्या गाडीत कंडक्टर ठेवून करायचं तरी काय?

सुला, म्हणजे माझी बायको सुलाबाई, खिडकीशी बसली होती. अंगात सहावारी, वर स्वेटर, त्यावर शाल, पायात पोरीनं घेऊन दिलेले पांढरे बूट. मांडीवर कापडी पिशवी. पिशवी वरच्या फळीवर ठेव म्हणालो तर ऐकेना. पिशवीत शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या आणि त्या चेपल्या तर बघा, असं तिनं मला मुंबईच्या विमानतळापासून चारदा बजावलं होतं.

“आवं, किती टेशनं ऱ्हायली?”

“सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागत्यात.”

“म्हंजी तासगावावनं सांगली बी यायची न्हाई. तरी पोरगं म्हनत हुतं, कोबे लय लांब हाय.”

ती आमच्या मल्हारला बघायला निघाली होती. मल्हार आमचा धाकटा. मालवाहू जहाजावर कामाला होता. कोबेच्या बंदरात जहाजाच्या पोटातल्या लोखंडी शिडीवरून पडून त्याचा पाय मोडलाय, तो दवाखान्यात आहे, त्याचा फोनही फुटलाय, असं मी तिला सांगितलं होतं. शिडीवरून तो पडला होता, एवढं खरं होतं. पडल्यावर तासाभरात तो गेला. त्याला आज बावीस दिवस झाले होते.

मला शिव्या घालायच्या तर घाला, पण आधी ऐकून घ्या. आमच्याकडं मयताची बातमी बाईमाणसाला सरळ सांगत नाहीत. माझ्या गाडीत मी हे इतक्या वेळा पाहिलंय की मोजदाद नाही. भाऊ बहिणीला सासरहून न्यायला येतो. तिला म्हणतो, आईला जरा बरं नाही, चल. तिला गाडीत चढवतो आणि दारात माझ्या कानाशी लागतो, “कंडक्टर, म्होरची जागा द्या, मयताला चाललूय, हिला म्हाईत न्हाई.” मी पुढच्या दोन माणसांना उठवायचो. कुणी कुरकुर केली तर डोळ्यानं गप्प करायचो. ती बाई वाटभर भावाला विचारत राहायची, डॉक्टर काय म्हनला, सलाईन लावलं का, खायाला मागती का. भाऊ सगळ्याची उत्तरं द्यायचा. मग गावाचा फाटा यायचा, फाट्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेली माणसं उभी दिसायची, आणि बाई जागच्या जागी हंबरडा फोडायची. मी घंटी मारायचो. गाडी निघायची.

मला ते सगळं मायेचं वाटायचं. वाटेत तरी तिचा जीव थाऱ्यावर राहिला, असं मी म्हणायचो. त्या बाया नंतर भावाला काय बोलल्या असतील ते मी कधी ऐकलं नाही, कारण तोवर माझी गाडी पुढं गेलेली असायची.

मल्हारच्या कंपनीचा फोन मला आला तेव्हा सुला शेजारच्या शेडवर बेदाणा निवडायला गेली होती. मी तो फोन घेतला, ऐकला, आणि त्या दिवशी तिला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोठ्या लेकीला, अपेक्षाला, तेवढं सांगितलं. ती मिरजेला दवाखान्यात नर्स आहे. ती सुट्टी टाकून आली, न्हाणीत नळ सोडून रडली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “आण्णा, आईला आत्ताच्या आत्ता सांगा.” मी तिला आईची शपथ घातली. कंपनीनं विचारलं, देह भारतात पाठवायचा की तिकडंच अग्नी द्यायचा. पाठवायला बरेच दिवस लागतील, म्हणाले. मी भावकीतल्या दोघा जाणत्यांना विचारलं. कोंडीबानाना म्हणाले, “परक्या मुलकात मातीची हेळसांड नगं. तिथंच सोडवा.” मी तिथंच अग्नी द्या असं लिहून दिलं. सही केली.

अग्नी देऊन झाल्यावर अस्थी घ्यायला घरचं कुणीतरी यायला हवं होतं. मी एकटाच जाणार होतो. म्हणून पाय मोडल्याची गोष्ट रचली, तर ही म्हणाली, पोराचा पाय मोडलाय आन मी घरात बसू व्हय? पासपोर्ट तिचाही होता. मल्हारनंच गेल्या साली आम्हा दोघांचे काढायला लावले होते, तुम्हाला सिंगापूर दाखवतो म्हणाला होता. तिला नको म्हणायला माझ्याकडं कारण उरलं नाही.

मी ठरवलं, मुंबईत सांगू. मुंबईत माणसं फार होती. मग विमानात सांगू म्हणालो. विमानात ती पट्टा लावून देवाचं नाव घेत होती, आणि वर आल्यावर खालचे ढग बघून म्हणाली, “आवं, कापूस पिंजून टाकल्यावानी दिसतंय की.” अशा बाईला काय सांगता? ओसाकाच्या हॉटेलात सांगू म्हणालो, तर ती दमून बसल्या बसल्या झोपली. एकतीस वर्षं मी गर्दीला ओरडून पुढं सरकवलंय, आणि बायकोला एक वाक्य बोलायला माझी जीभ उचलेना.

कोबेच्या स्टेशनावर वीरधवल उभा होता. हा पोरगा मूळचा कराडकडचा, ओसाकात नोकरीला. कंपनीला मराठी बोलणारं कुणीतरी हवं होतं म्हणून ओळखीपाळखीतून त्याला गाठलं होतं. त्यानं वाकून आमच्या पायांना हात लावला. सुलानं त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

“माझ्या मल्हारएवढाच हायस,” ती म्हणाली. “तू बघून आलास का रं त्याला?”

वीरधवल माझ्याकडं बघायला लागला. त्याला मी कालच फोनवर सांगून ठेवलं होतं, ऑफिसातल्या साहेबालाही सांग, तिच्यासमोर काही बोलू नका.

“आधी ऑफिसात जायचंय काकू,” तो म्हणाला.

“हितं बी आधी कागुदच,” सुला म्हणाली आणि चालायला लागली.

ऑफिस बंदराजवळच होतं, पाचव्या मजल्यावर. मोरी नावाचा साठीचा साहेब. काळा कोट, काळा टाय. आम्ही आत गेलो तसा तो उठला आणि कमरेत वाकला. वाकला तो वाकलाच, वर येईना. त्याच्यामागं दोन पोरी, त्याही वाकलेल्या. सुला गडबडून हात जोडून उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, “लय रीतीची मानसं हायत.”

मी दाखवतील तिथं सह्या केल्या. मग मोरीसाहेबानं हातांत पांढरे मोजे चढवले, आतल्या खोलीत गेला आणि एक चौकोनी खोकं घेऊन आला. वीतभर रुंद, वीतभर उंच. पांढऱ्या स्वच्छ कापडात बांधलेलं, वर नीटस गाठ. ते त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं आणि पुन्हा वाकला.

माझे हात वर आले नाहीत. मी सांगत होतो त्यांना, उचला, पण ते मांड्यांना चिकटून राहिले. साहेब तसाच वाकून उभा. खोलीत कुणी हलेना.

“आवं, घ्या की,” सुला कुजबुजली. “म्हातारा मानूस किती येळ वाकून ऱ्हाईल?” आणि मी काही करायच्या आत तिनं पिशवी खांद्याला अडकवली, पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात पुढं करून ते खोकं घेतलं. घेतलं आणि कपाळाला लावलं.

पांढरं कापड, मोजे घातलेले हात, सगळ्यांचं वाकणं. तिला वाटलं देवाचं आहे. ह्यांच्या कुठल्यातरी देवाचा अंगारा किंवा प्रसाद, आजारी माणसासाठी आणलेला. आपल्याकडं नाही का कुणी तुळजापूरला जाऊन आला की दवाखान्यात उशाशी अंगारा ठेवतो, तसं. जिन्याशी आल्यावर ती मला म्हणालीसुद्धा, “जड हाय. मल्हारच्या उशाला ठिवू, म्हंजी लवकर गुन येईल.”

वीरधवल मागं थांबला आणि माझा दंड धरला.

“काका, आता सांगा. मी तुमच्या पाया पडतो. काकूंनी दवाखान्याचा रस्ता विचारला तर मी कुठं नेऊ त्यांना?”

“तीनला भेटायची येळ असती म्हनून सांगू,” मी म्हणालो. “तवर पान्याकडं बसू. मी सांगतो तिथं.”

त्या पोरानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं माझ्याकडं डेपोत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बंदरावर ऊन होतं, पण वारा बोचरा. एक तांबडा मनोरा, त्याच्यापुढं मोकळी जागा, बाकं, आणि बाकांपुढं लगेच पाणी. लांब क्रेन उभ्या. पाठीमागं शहर, आणि शहराच्या डोक्यावरच डोंगर. सुला बाकावर बसली, खोकं मांडीवर घेतलं आणि मान वळवून डोंगर बघत राहिली.

“मल्हार बोलला हुता मला,” ती म्हणाली. “आई, हितं डोंगुर आन पानी एकाच ठिकानी हाय. आपल्या दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला समुद्र आला तर कसा दिसंल, तसं. त्येचं जहाज कंचं ह्यातलं?”

“गेलं ते. पुढच्या बंदराला.”

“त्येला टाकून?”

“मालाची घाई असती त्येंना.”

वीरधवल चहा आणतो म्हणून गेला आणि लांब रेलिंगपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. चहा आणायला गेला नव्हता तो.

सुला बोलत होती. पायात सळई घातली असंल का, मग पोराला जहाजावर परत घेत्याल का, न घेऊंदेत, आपली बाग हाय, चार एकर द्राक्ष काय कमी हाय व्हय. पुढच्या दिवाळीला त्याचं लगीन उरकू. तिनं मुलगीही बघून ठेवली होती, आटपाडीकडची, डी.एड. झालेली. मी हं हं म्हणत होतो. माझ्या डोळ्यांसमोर तिची बोटं त्या गाठीवर होती, बोलता बोलता ती गाठीचं टोक सरळ करत होती.

“तीन वाजायला तास हाय अजून,” ती म्हणाली. “तुमी सकाळधरनं काय खाल्लं न्हाई. त्वांड बघा कसं झालंय.” तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या पोळ्या काढल्या. बाकावर धूळ होती, म्हणून कागद त्या खोक्यावरच पसरला. पांढऱ्या कापडावर. “चार त्येला ठिवते. ही तुमाला.”

“काढ ते वरनं,” मी म्हणालो.

“का?”

“काढ म्हनतो न्हवं.”

तिनं खोक्याकडं पाहिलं आणि जीभ चावली. “व्हय की. देवाचं हाय.” कागद उचलून बाजूला ठेवला, कापडावरचा चुरा फुंकरीनं उडवला, खोक्याला हात लावून तो आपल्या गालांना लावला.

माझ्याच्यानं आता बघवेना.

“सुला, ते देवाचं न्हाई. त्यात मल्हार हाय.”

ती माझ्याकडं बघून थोडी हसली. खरंच हसली. “मल्हार? फोटू दिलाय का?”

“त्येच्या अस्थी हायत. त्यो गेला गं. पडला त्याच दिवशी गेला. दवाखाना न्हाई, काय न्हाई. मी खोटं बोललो.”

एकतीस वर्षं मी फाट्या-फाट्यावर बायकांचे हंबरडे ऐकलेत. मी तयारीत बसलो होतो. तिला धरायचं, पाणी द्यायचं, वीरधवलला हाक मारायची, सगळं मनात मांडून ठेवलं होतं. पण तिनं आवाज काढला नाही. तिचा एक हात खोक्यावर होता, तो तिथंच राहिला. दुसरा त्याच्याशेजारी आला. एक जपानी म्हातारी कुत्र्याला फिरवत पुढून गेली, तिनं आम्हाला मान लववली.

“कवा?” सुला म्हणाली.

“एकोनतीस तारखेला. बावीस दिस झालं.”

“आन हे कवा केलं?” तिनं खोक्यावर बोट ठेवलं.

“चार तारखेला. बुधवारी.”

“कुनी सांगितलं कर म्हनून?”

“मी. सही दिली.”

“मला त्वांड न्हाई दावलं त्येचं.”

मी सांगायला लागलो. देह यायला वेळ लागला असता, मुंबईहून पुढं पुन्हा गाडी, मातीची हेळसांड, कोंडीबानानांचं म्हणणं. मी हात हलवून हलवून सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं.

“त्येच्यासाठनं न्हाई,” ती म्हणाली. “त्यो दारात आला असता तर तुमाला माज्याम्होरं उभं ऱ्हाऊन सांगाय लागलं असतं. ते तुमाला नगं हुतं.”

हे खरं होतं. एवढं सरळ मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी रडलो. ती रडत नव्हती. पाण्याकडंही बघत नव्हती. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवून काहीतरी मोजत होती. मागं मागं जात होती. मग अंगठा एका पेरावर थांबला.

“बुधवारी सकाळी का दुपारी?”

“हितल्या अकरा वाजता.”

“म्हंजी आपल्याकडं?”

“साडेसात. सकाळी.”

“बुधवारी साडेसातला मी काय करत हुते?”

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, आणि चांगली होती. झोपली होतीस म्हणालो असतो, भाकरी थापत होतीस म्हणालो असतो, तर कदाचित तिनं मानलंही असतं. मला सगळं आठवत होतं. त्या दिवशी आम्ही आष्ट्याला होतो, तिच्या बहिणीकडं, मंगलकडं. मंगलच्या पोरीची हळद होती. सकाळी सकाळी मांडवात घाणा भरत होते, मुसळाला पानं बांधली होती, बायका भोवतीनं बसलेल्या, आणि गायला सगळ्यांत पुढं सुला. तिचा आवाज चढा आहे, लग्नकार्यात तिला बोलावूनच नेतात. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. हातातल्या घड्याळाकडं बघत होतो. मला वेळ सांगितली होती त्यांनी. साडेसात झाले तेव्हा बायकांनी कशावरून तरी हसून दंगा केला आणि कुणीतरी सुलाच्या तोंडाला हळद फासली.

“मांडवात हुतीस,” मी म्हणालो. “मंगलच्यात. गात हुतीस.”

तिनं मान हलवली. तिला ते आधीच सापडलं होतं, मी सांगतो का हेच तिला बघायचं होतं.

“मी उठून तुमच्याकडं आले हुते,” ती म्हणाली. “हळदीच्या हातानं. मल्हारच्या वाट्याची बी मीच लावून घेतली, म्होरच्या साली त्येचा नंबर, असं बोलले मी. आन इचारलं, पोराचा फोन आला का? तुमी म्हनला, आला हुता, बरा हाय.”

“व्हय.”

“तवाच?”

“तवाच,” मी म्हणालो.

वारा सुटला होता. तिनं अंगावरची शाल काढली आणि त्या खोक्याभोवती गुंडाळली, सगळ्या बाजूंनी, खाली हात घालून, आत वारा जाणार नाही अशी. मी माझा मफलर पुढं केला. तो तिनं घेतला नाही.

“तुमी जावा तिकडं, त्या पोराजवळ,” ती म्हणाली. “आमी दोगं बसतो हितं.”

मी उठलो.